"आता मणी गार होऊ द्या" म्हणे!

काचेचे मणी शिकवणारे फुकटचे व्हिडिओ. निळी ज्योत, मागे संगीत, मण्यावर चढणारे रंगीत ठिपके, आणि शेवटी एकच वाक्य: "आता मणी गार होऊ द्या." अहो, कसा? कुठे? किती वेळ? १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते, त्याचा आकडा) मऊ काचेचा मणी भट्टीत साधारण ५१० अंश सेल्सिअसला मुरवून मग हळूहळू उतरवावा लागतो. नाहीतर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, आणि तो ताण काचेतच अडकून बसतो. आज धडधाकट दिसणारा मणी महिन्याभरानं गळ्यात तडकतो. व्हर्मिक्युलाइटच्या, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांच्या डब्यात खुपसणं ही तात्पुरती सोय. नंतर भट्टी चुकत नाही. हे सांगायला दहा सेकंद पुरतात हो!

त्यात एखादा महाभाग बाटलीचे तुकडे याच काचेत मिसळतो. प्रसरण जुळत नाही, सांध्यावर चीर जाणारच, तिथे भट्टीचाही इलाज नाही.

काचेची थंड सळई थेट ज्योतीत घुसवली की टोक फटाफट उडतं. आधी ज्योतीच्या लांबच्या टोकाशी फिरवत तापवायची. मणी ज्या स्टीलच्या काडीवर घडतो, तिच्यावरचा मणी सुटा निघावा म्हणून लावलेला लेप ओला राहिला तर तो फुगून सुटतो आणि मणी काडीला चिकटतो. सोडियमची पिवळी झळाळी अडवणारा डिडिमियमचा चष्मा? मण्याचं भोक पाण्यात घासायचं, म्हणजे धूळ छातीत जात नाही? एक अक्षर नाही. सबस्क्राइब करा हे मात्र तीनदा.