‘फॅशनला कसली आलीय चळवळ?’ म्हणे!

भाची फॅशन डिझाइन शिकते. तिचं प्रेझेंटेशन चाळताना एक स्लाइड फारच ओळखीची वाटली. वाटणारच, तोच मजकूर भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर येऊन गेलाय. ‘अगं, हे फॉरवर्ड आहे,’ म्हटलं, तर म्हणते, ‘मावशी, पण मुद्दे किती छान काढलेत!’

काढलेत खरे. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आफ्रिकन प्रिंट मुळात डच लोकांचं, अफ्रो, म्हणजे कुरळे केस तसेच फुलवून ठेवायची पद्धत, ही साठच्या दशकातली हौस, जटा आपल्या साधूंकडून कृष्णवर्णीयांकडं गेल्या, कृष्णवर्णीयांच्या केसांवर कुणी कधी बंदी घातली नव्हती, नीटनेटकेपणाचे नियम सगळ्यांनाच असतात, तात्पर्य, फॅशन बाजार ठरवतो, वारसा आणि चळवळ ही मागाहून चिकटवलेली लेबलं.

आधी बंदीचाच मुद्दा घेते, कारण डोकं तिथं फिरलं.

१७८६ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर स्पेनचा अंमल होता. गव्हर्नर मिरोनं हुकूम काढला, की कृष्णवर्णीय बायकांनी केस रुमालाखाली झाकावेत, डोक्यात पिसं आणि दागिने घालू नयेत. हा हुकूम गुलाम बायकांसाठी नव्हता बरं का, स्वतंत्र बायकांसाठी होता. त्यांचा थाट डोळ्यांत खुपत होता, दुसरं काही नाही. बायकांनी काय करावं? आपल्याकडून गेलेली मद्रासी चौकडीची भडक कापडं घेतली आणि डोक्याला अशी काही बांधली, की हुकूमही पाळला गेला आणि थाटही वाढला.

‘हे फार जुनं झालं’ म्हणणाऱ्यांसाठी १९८१. अमेरिकन एअरलाइन्समधली एक कृष्णवर्णीय कर्मचारी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेली होती. टाळूलगत घातलेल्या बारीक वेण्या, म्हणजे कॉर्नरो, कामावर चालणार नाहीत असा कंपनीचा नियम होता. तिचं म्हणणं, आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अशाच वेण्या घालत आल्यात, हा आमचा वारसा आहे. ती हरली. हरली ते हरली, पण निकाल वाचण्यासारखा आहे. त्यात मुद्दाम नोंदवलंय, की ही बाई अशा वेण्या घालून कामावर पहिल्यांदा आली, ती बो डेरेक या गोऱ्या नटीनं एका सिनेमात त्या लोकप्रिय केल्यावर थोड्याच दिवसांत. म्हणजे वेण्या आफ्रिकेच्या, आणि त्याचं श्रेय बो डेरेकला! कंपनीनं तोडगा सुचवला होता, की ड्युटीवर वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर गंगावन लावावं. तिनं सांगितलं, त्यानं माझं डोकं भयंकर दुखतं. त्यावर न्यायालयाचं उत्तर काय असावं? मग आणखी मोठं गंगावन लावावं!

हा नीटनेटकेपणा म्हणायचा. तीच वेणी पडद्यावर गोऱ्या डोक्यावर दिसली की स्टाइल, आणि जिच्या पणजीनं घातली तिच्या डोक्यावर असली की नियमभंग.

अफ्रोच्या ‘हौशी’बद्दल. २८ जानेवारी १९६२ ला न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एक फॅशन शो झाला. फोटोग्राफर क्वामे ब्रॅथवेट आणि त्याच्या मंडळींनी गडद वर्णाच्या, केस सरळ न केलेल्या मुलींना मॉडेल म्हणून उभं केलं. ग्रँडासा मॉडेल्स हे त्यांचं नाव, आणि ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ ही घोषणा घराघरांत पोचवण्यात या मंडळींचा मोठा वाटा. फॅशन शो हीच इथं चळवळ होती. पुढं १९७० मध्ये अँजेला डेव्हिस या कृष्णवर्णीय कार्यकर्तीचा अफ्रोवाला फोटो एफबीआयच्या ‘वाँटेड’ पोस्टरवर लागला. तिनंच नंतर लिहिलंय, की तिच्या शोधाच्या नावाखाली अफ्रो ठेवणाऱ्या शेकडो बायकांना पोलिसांनी छळलं, आणि वर्षांनंतर लोकांना तिचं राजकारण नाही, हेअरस्टाइल तेवढी आठवते. तुमचं फॉरवर्ड तेच तर करतंय.

आता डच प्रिंट. हे अर्धं खरं आहे, मान्य करते, नाइलाजानं. जावा बेटावरच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, यंत्रावर नक्कल करून डच कारखान्यांनी वॅक्स प्रिंट काढलं. व्लिस्को ही नेदरलँड्समधल्या हेल्मंडची कंपनी १८४६ ची. पण ते कापड चाललं पश्चिम आफ्रिकेत, आणि कुठलं डिझाइन चालणार हे ठरवलं तिथल्या व्यापारी बायकांनी. टोगोच्या लोमे शहरातल्या या बायका इतक्या गबर झाल्या, की मर्सिडीजमधून फिरू लागल्या. त्यांना ‘नाना बेंझ’च म्हणायचे. पक्ष्यांच्या एका डिझाइनला घानात ‘पैशाला पंख असतात’ अशा अर्थाचं नाव आहे. हे नाव हेल्मंडमध्ये सुचलेलं नाही. आणि केंटे या कापडाचं काय? ते घानात हातमागावर अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या जोडतात. त्यात डच कुठून आणणार?

साधूंच्या जटा: १८४५ पासून भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, जमैकात गेले, त्यांच्याकडून रास्ताफारींनी, म्हणजे तिथल्या जटा राखणाऱ्या कृष्णवर्णीय पंथानं, काही उचललं असावं असं काही अभ्यासक मांडतात. असेल. पण १९६३ मध्ये जमैकात पोलिसांनी रास्ताफारींची धरपकड करून जबरदस्तीनं जटा कापल्या, तेव्हा मार त्यांनी खाल्ला. सरकारनं माफी मागितली २०१७ मध्ये. तसंही, बाईच्या डोक्यात जट झाली की ‘देवीची’ म्हणून तिचं आयुष्य बांधून टाकणाऱ्या आपण जटांचा अभिमान जरा बेतानंच मिरवावा.

‘चळवळीचा कपड्यांशी काय संबंध’ हे वाक्य मराठीत लिहायला तर धाडस लागतं. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं कसं नेसा आणि कुठले दागिने टाका हे सांगितलं, ते काय फॅशन टिप्स म्हणून? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेणारी मुंबई आहे ही.

राहिला बाजार. ऑगस्ट २०१६: दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत अफ्रो ‘नीट करा’ म्हणून मागं लागलेल्या शिक्षकांविरुद्ध शाळकरी मुली उभ्या राहिल्या. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्सनं बहुतांशी गोऱ्या मॉडेल्सच्या डोक्यांवर रंगीत लोकरीच्या जटा चढवून रॅम्पवर पाठवलं. केसांवरून भेदभाव करायचा नाही, हा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियानं केला, तोही २०१९ मध्ये. मग इतर राज्यं आली. देशभरासाठीचं विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.