रस्त्यावर उभी असलेली बाईक आणि ‘फुकट जाणारा’ विमा : नौपाडाकर यांना उत्तर

नमस्कार नौपाडाकर,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठाण्यातल्या जुन्या, बिनपार्किंगच्या इमारतींत राहणाऱ्यांनी बाईकचा विमा नुसता थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) ठेवू नये, ओन डॅमेजसकट (आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी भरून देणारा भाग) घ्यावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : बाईक सव्वाशे सीसीची, सात वर्षांची. घंटाळीजवळच्या गल्लीत रात्रंदिवस उभी असते, कारण तुम्ही कामाला लोकलने जाता. उभ्या गाडीला विमा कशाला? शिवाय रस्त्यावरून चोरीला गेली तर कंपनी पैसे देतच नाही. मेव्हण्यांचा क्लेम ‘उशिरा कळवलं’ म्हणून फेटाळला गेला. आणि शेवटी, ‘तुम्ही एजंट आहात का?’

शेवटून सुरुवात करतो. एजंट नाही. असतो तरी तुमच्या बाईकच्या कमिशनमध्ये मामलेदारची मिसळ दोघांना पुरली नसती.

आता उभ्या गाडीचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरात असलेल्या वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि ज्या रस्त्यावर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे तो प्रत्येक रस्ता या कायद्याच्या हिशेबी सार्वजनिक ठिकाण ठरतो. तुमची गल्ली त्यातच आली. ‘पण उभी गाडी वापरात कशी?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे, तोही आपल्याच राज्यातून. १९८७ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून कलंडला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. स्फोट झाला तेव्हा टँकर पडून होता, चालत नव्हता, असा बचाव झाला. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या खटल्यात १९९१ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. थांबलेलं वाहनही ‘वापरात’ असू शकतं, असं ठरलं. तुमच्या बाईकचं कुणी टँकर करत नाही. पण साइड स्टँडवरून सरकून ती शाळेतून येणाऱ्या पोरावर पडली, तर ‘मी तर घरी जेवत होतो’ हे उत्तर चालेलच असं नाही. विमा नसताना पकडले गेलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे वेगळंच. तेव्हा थर्ड पार्टीवर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा वाद ओन डॅमेजचा आहे आणि तिथे तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं.

रस्त्यावर लावलेल्या गाडीचं रोजचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं विम्यात बसत नाही. टाकीतलं पेट्रोल काढून नेलं, नाही. वेगळा बसवलेला बॉक्स, फॉगलाइट, मोबाइल होल्डर एवढंच चोरीला गेलं, नाही. दुचाकीच्या पॉलिसीत ॲक्सेसरीची चोरी सोबत गाडीही चोरीला गेली असेल तरच धरतात. कुणी खुन्नसने नुसता टायर फाडला, तरी नाही; गाडीचं दुसरं नुकसान त्याच वेळी झालं असेल तर टायरचे निम्मे पैसे. या बारीकसारीक गोष्टींसाठी विमा घेत असाल तर खरोखर घेऊ नका.

मग घ्यायचा कशासाठी? झाड, पाणी आणि ट्रक. नौपाड्यात पावसाळ्यात फांदी कधी कोसळेल याचा भरवसा नाही, वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी तुंबतं ते दरसाल, आणि आता तर प्रत्येक गल्लीत पुनर्विकास चालू असल्यामुळे काँक्रीट मिक्सर रिव्हर्स घेताना रांगेतल्या चार बाईक एकावर एक पाडून जातो. (मिक्सरचा नंबर मिळाला तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते, पण एका टाकीसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या तारखा कोण करणार?) पाण्याबाबत एकच बजावतो : गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर ‘बघू चालू होते का’ म्हणून किक मारू नका. पुराचं नुकसान पॉलिसीत आहे, पण पाणी शिरलेलं इंजिन तुम्ही चालू करून बिघडवलं, तर कंपनी ते मागाहून झालेलं नुकसान म्हणून बाजूला काढते. ढकलत गॅरेजला न्या.

आता हिशेब, कारण ‘पैसे पाण्यात’ हा तुमचा मुख्य आक्षेप आहे. ७५ ते १५० सीसीच्या बाईकचा थर्ड पार्टीचा वार्षिक दर २०२२ पासून ७१४ रुपये आहे, वर १८ टक्के जीएसटी. तो द्यायचाच. पाच वर्षांनंतर गाडीची विम्याची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. समजा तुमची ३०,००० ठरली. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकात, तुमच्यासारख्या गाडीला ओन डॅमेजचा दर १.७६ टक्के होता. २००७ पासून कंपन्या आपापले दर लावतात, पण अंदाजाला तो पुरे : ५२८ रुपये. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, ५० टक्के, म्हणजे उरले २६४. वर्षाचे. एवढ्यासाठी तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलंत!

यातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘बोनस जाईल’ म्हणून लोक क्लेम करत नाहीत. कारवाल्याने तसा विचार केला तर समजू शकतो. वरच्या आकड्यांत बोनस शून्यावर गेला आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० वर आला, तर सगळ्या वर्षांचं मिळून नुकसान होतं सुमारे ६६० रुपये. फांदीने टाकी आणि हेडलाइट गेला तर बिल त्याच्या कितीतरी पट. अर्थात बिलाचा पूर्ण पैसा मिळत नाही, हेही ऐका. सात वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरवर ५० टक्के, शिवाय १०० रुपये तुमच्या खिशातून. ५,००० रुपयांचे धातूचे भाग, ३,००० चं प्लास्टिक, १,००० मजुरी अशा ९,००० च्या बिलात तुमच्या हातात येतील ५,४००. घासाघीस न करता हे गृहीत धरा, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरशी भांडण होणार नाही.

‘रस्त्यावर म्हटलं की क्लेम गेला’ हे मात्र मी खोडून काढतो. रस्त्यावर लावलेली गाडी चोरीला गेली तर पैसे नाहीत, असं कलम दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत नाही. अट आहे ती गाडीची वाजवी काळजी घेण्याची. हँडल लॉक आणि दोन्ही चाव्या तुमच्याकडे, यातून ती सिद्ध होते. टपरीवर चावी लावून ठेवून चहा प्यायलात तर मात्र वाद ओढवून घेता. विमा घेताना अर्जात रात्री गाडी कुठे असते असा प्रश्न आला तर सरळ ‘रस्त्यावर’ लिहा. खोटं ‘सोसायटीत’ लिहिणं हे पुढे गळ्याशी येतं.

क्लेम बुडतो तो दुसरीकडेच. एक चावी वर्षापूर्वी हरवलेली आणि त्याची कुठेच नोंद नाही. किंवा बाईक सेकंडहँड घेतलेली, आरसी बुक अजून आधीच्या मालकाच्या नावावर. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, पण ओन डॅमेजसाठी १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यावं लागतं. आपल्याकडच्या चाळींत ‘मित्राची होती, घेतली’ अशा किती बाईक असतील, विचार करा. त्यातच फूड डिलिव्हरीचा प्रकार : खासगी पॉलिसीवर भाड्याने किंवा मोबदल्यासाठी गाडी वापरली की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

गाडी जागेवर दिसली नाही तर आधी वाहतूक शाखेच्या चौकीत विचारा, टोइंगवाल्यांनी नेली नाही ना. नसेल तर त्याच दिवशी एफआयआर, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवणं. पुढे तपास लागला नाही की पोलिसांचा ‘अ समरी’ (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा) अहवाल, दोन्ही चाव्या, आरसी, आरटीओचे फॉर्म, असं सगळं जमवायचं. महिने जातात, यात मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

आता मेव्हण्यांचं. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की चोरीची फिर्याद लगेच दिलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही. तिथे चोरीला गेला होता तो ट्रॅक्टर, पण बाईकला तत्त्व तेच. त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. अट एवढीच की कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. म्हणून मला दोन तारखा कळवा : एफआयआर कधीची आहे, आणि नकाराचं पत्र कधीचं. एफआयआरही दहा-पंधरा दिवसांनी केलेली असेल, तर मात्र त्यांची बाजू लंगडी आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.