तीन बाय तीन

गावी कायमचं राहायला जायचं ठरलं तेव्हा मुंबईतल्या मित्रांनी साप, लाईट, नेटवर्क, विंचू सगळ्याची भीती घालून झाली, पण कुंपणाच्या जाळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गुहागरजवळ आमची सहा गुंठे वाडी. ६६ बाय ९९ फूट. रस्त्याकडेला आजोबांनी घातलेला चिऱ्याचा गडगा आणि बाकी तीन बाजूंना शेराची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, ते पण म्हातारं, मधले मधले दात पडलेलं. त्या फटीतून एका रात्रीत आमच्या हापूसच्या ११ कलमांचे शेंडे गेले, नुसते दांडे उभे. शेजारी शेणाचा ताजा पो, आणि खुरांचे ठसे सरळ शेजारच्या काकूंच्या गोठ्याकडे गेलेले. काकू सकाळी स्वतःच बघायला आल्या, गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कुठलं मेलं जनावर येतं कोण जाणे." मागे त्यांची कपिला उभी, निवांत रवंथ चाललेलं. मी म्हटलं, "हो ना काकू." काय बोलणार, शेजार आहे.

म्हणून जाळी घ्यायला गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, किती गेज? मी आपलं छाती काढून सांगितलं, "१४ द्या, मजबूत पाहिजे." तो हसला. तर गेजचं असं असतं की आकडा वाढला की तार बारीक होते, म्हणजे ८ गेज चार मिलीमीटर, १० सव्वातीन, १२ अडीचच्या जरा वर आणि माझी मजबूत १४ जेमतेम दोन. वर्गातल्या नंबरासारखं, पहिला येईल तो जाड. बरं म्हटलं १० द्या, तर आता भाव किलोवर! मी घरून रनिंग फुटाचा हिशोब करून गेलेलो, तीन बाजू मिळून २३१ फूट, ५० फुटांचे पाच रोल, एकदम पक्कं, आणि हा माणूस काट्याकडे बोट दाखवतोय. १० गेजची जाळी १४ पेक्षा तेवढ्याच लांबीला अडीचपट जड भरते हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मग खाली बसल्यावर नीट कळलं.

मग जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, की हिरवी, प्लॅस्टिकचं आवरण असलेली पीव्हीसीवाली? हिरवी दिसते छान, पण आमच्याकडे समुद्राची खारी हवा, कुठे ओरखडा गेला की आतल्या आत गंजते आणि वरून हिरवीगार. जीआयवरचं जस्त आधी स्वतः खराब होतं आणि तोवर आतल्या लोखंडाला वाचवतं, दुकानदार म्हणाला, "घरातली थोरली सून असते ना, तसं." ही म्हणाली, "तीच घ्या." ही थोरली सून आहे.

राहिलं भोकाचं माप. दोन बाय दोन, तीन बाय तीन की चार बाय चार इंच. यात काकूंनी फार लक्ष घातलं. "चाराचीच घे रे, वारा खेळायला पाहिजे." आता उघड्या वाडीत वारा काय अडणार होता, पण असो. हिने दुकानात जाळीतून मूठ घालून बघितली आणि तीनवर शिक्कामोर्तब केलं. रात्री मी नेटवर वाचून हिला सांगितलं की १८४४ साली इंग्लंडात नॉर्विचला चार्ल्स बर्नार्ड नावाच्या माणसाने कापड विणायच्या मागावरून तारेची जाळी विणायचं मशीन काढलं होतं. ही म्हणाली, "मग आता शिंप्यालाच बोलवा, तो तरी वेळेवर येईल."

कारण जाळीवाला येत नव्हता. "दोन दिवसांत काम उडवतो" म्हणाला होता, त्यातले पहिले पाच दिवस तो "हा काय निघालोच" होता. शेवटी आला तो तीन माणसं आणि ३० लोखंडी अँगल घेऊन. सात फुटाचा अँगल, दोन फूट जमिनीत, पाच वर, दर आठ फुटांवर एक खड्डा. पहिला फूट मऊसूत माती, गडी गाणी म्हणतायत, आणि मग ठण्ण! खाली जांभा. पहार मारली की ठिणगी, मातीचं नाव नाही. सगळे बसून चहा प्यायले. मग ब्रेकर मशीन भाड्याने आणलं, त्याच्या आवाजाने कपिला दोन दिवस दूध देईना, आणि तेवढं मात्र कुठल्या जनावराचं दूध आटलं ते काकूंना बरोब्बर माहीत होतं.

कोपऱ्याच्या खांबांना दोन्ही अंगांनी तिरके टेकू लागतात, जाळीचा सगळा ताण त्यांच्यावर येतो ना. आमचा मागचा कोपरा नेमका काकूंच्या अबोलीला लागून. टेकू घालायला खणायला घेतलं तर काकू धावत आल्या, "अरे अबोली आहे रे ती!" जाळीवाला माझ्याकडे बघतोय, मी अबोलीकडे बघतोय. म्हटलं जाऊ दे, एका टेकूने काय होतंय.

जाळी ओढणं हा मात्र बघण्यासारखा प्रकार. रोल सोडला की स्प्रिंगसारखा परत गुंडाळतो, चार जण एका टोकाला लोंबकळलेले, गावातले निम्मे लोक गडग्यावर बसून "हां हां, अजून" करणारे, त्यातल्या एकाने पण हात लावला नाही. दोन रोल जोडायची युक्ती मला फारच आवडली, कडेची एक तार गोल गोल फिरवत बाहेर काढायची आणि दोन्ही रोल जवळ धरून तीच तार स्क्रूसारखी फिरवत दोघांतून घालायची, जोड कुठे आहे शोधून सापडत नाही. म्हटलं मी पण करतो. मी मधलीच तार काढली. अख्ख्या रोलचे दोन रोल झाले आणि गडग्यावरून टाळ्या आल्या.

तिसऱ्या दिवशी माकडं आली. त्यांना आधी आंब्यावरून उड्या माराव्या लागायच्या, आता जस्ताचा मुलामा दिलेली २३१ फूट रुंदीची शिडी मिळाली. लहान पिल्लं सुद्धा तीन बाय तीनमध्ये पाय ठेवून आरामात. पण कपिला नाही आली! ती पलीकडून नाक लावून उभी राहते, कलमांकडे बघत. तिला बघून खरं तर वाईट वाटतं.

वई असताना पलीकडचं काही दिसायचं नाही हे आम्ही विसरलोच होतो. आता काकूंना आमची वाळत घातलेली बनियनं मोजता येतात, आणि त्या मोजतात. "चारच दिसतायत रे आज, एक कुठे गेलं?" पूर्वी वईच्या फटीतून आमटीची वाटी यायची, आता वाटी जात नाही. मिरच्या जातात, शेवग्याची शेंग जाते, कढीपत्ता जातो, लिंबू जातं पण नारळ अडतो. काकू दर वेळी एवढंच म्हणतात, "तरी चाराची घे म्हटलं होतं."

परवा सकाळी हाक आली, "अरे घे, गरम आहे." घावन! गुंडाळी करून एकेक भोकातून अलगद आत सरकवत होत्या. "बघ उलगडून, जाळी कशी सुरेख पडली आहे." मी उलगडून बघितलं, खरंच सुरेख पडली होती. मग काकूंनी मागच्या कोपऱ्याकडे मान वळवली, अबोलीवर सगळा खांब रेललेला.

"तुझी पण पडली की रे."