संथ नव्हे, ठाय-दुगुणीचा खेळ

"लिक्विड म्हणजे ड्रम अँड बेसचा संथ प्रकार" हे एका लेखातलं वाक्य साफ चूक. ड्रम अँड बेस म्हणजे जलद ड्रम आणि जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, लिक्विड हा त्याचा सुरेल प्रकार. वेग तोच, मिनिटाला १७० ते १७६ ठोके. बरीच गाणी १७४ वर. बेळगावच्या गाणं ऐकणाऱ्या कानाला हे सांगायला सोपं आहे बघा: कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि आवाज ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत, ड्रम दुगुणीत, म्हणजे दुप्पट. बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, सोळा घरांत किक (जाड ठोका) पहिल्या आणि अकराव्या घरावर, स्नेअर (कडक ठोका) पाचव्या आणि तेराव्यावर, म्हणून मान ८७ ला डोलते. वेग मोजणारं सॉफ्टवेअरही कधी कधी इथंच फसून ८७ दाखवतं. मिक्सच्या आधी ग्रिड (सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची चौकट) दुप्पट करून घ्या. संथ समजून लांब रिव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारी घुमक) लावला की वाट लागलीच. १७४ ला एक बार जेमतेम १.३८ सेकंदांचा, अडीच सेकंदांची शेपूट पुढच्या कॉर्डवर चढून नुसता चिखल. रिव्हर्बमधलं ३०० हर्ट्‌झखालचं कापा.

आणि हो, हे गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेसच्या पेट्यांवर वाजवणार असाल तर सब बेस (सगळ्यात खालचा खोल बेस) आधी तपासा. त्या पेट्या बऱ्याचदा ५५-६० हर्ट्‌झच्या आसपास फुगवलेल्या असतात. लिक्विडचा बेस एका सुरावर बसत नाही, सरकतो. त्यामुळं ५५चा ए सूर छातीत धडकतो आणि ४४चा एफ गायबच! सब मोनोत (दोन्ही बाजूंना एकसारखा) ठेवा, त्यावर थोडं सॅच्युरेशन (हलका खरखरीतपणा) द्या. वरचे ८८-११० हर्ट्‌झचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) आले की सूर निदान ओळखता येतो. नुसता बेसचा नॉब फिरवून काही होत नाही.