‘बार ऑईल म्हणजे लूट, जळकं ऑईल घाला’ हा मेसेज पाठवणाऱ्या मंडळींसाठी

ऊस, ट्रॅक्टर, मशिनरी असल्या सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरायलाय. त्यात म्हणे झाडं कापायच्या कटर मशीनचं (चेनसॉचं) बार ऑईल, म्हणजे चेन आणि ती ज्यावर पळते त्या पट्टीला लागणारं वंगण, ही कंपन्यांची लूट हाय, ऑईल शेवटी उडूनच जातंय तर गॅरेजमधलं जळकं ऑईल घाला, थंडीत त्यात निम्मं डिझेल मिसळा, उन्हाळ्यात 140 नंबरचं गिअर ऑईल घाला, तेही नसेल तर घरातलं खायचं तेल चालतंय, आणि तसंही पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑईल) मिसळलेलं असतंय त्यामुळं चेन काय कोरडी पडत नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांनी पुढं ढकललाय. यातलं थोडं अर्धवट खरं हाय, बाकी तुमच्या पट्टीचा जीव घेणारं हाय.

आधी जळकं ऑईल, कारण सगळ्यात जास्त लोक हेच करायलेत. "उडूनच जातंय" हे बरोबर, चेनचं ऑईल इंजिनसारखं फिरून परत येत नाही, एकदा गेलं की गेलं. पण ते उडायच्या आधी त्याला काम असतंय की. टाकीतनं बारीक जाळीतनं पंपात, तिथनं पट्टीच्या एका छोट्या भोकातनं खाचेत, आणि मग चेनचे खालचे दात ते ओढत पट्टीच्या टोकापर्यंत नेतात. फुल रेसला चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळत असते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर, आणि एवढ्या वेगात टोकाला वळताना साधं ऑईल सरळ बाहेर फेकलं जातंय. म्हणून बार ऑईलमध्ये चिकटपणा आणणारं पॉलिमर घातलेलं असतंय, दोन बोटांत धरून बघा, काकवीसारखी तार येते. पैसे त्या तारेचे हायत. जळक्या ऑईलमध्ये ती तार नाहीच, उलट इंजिनमधनं आलेला लोखंडाचा बारीक कीस, काजळी आणि थोडंफार इंधन असतंय, म्हणजे वंगण म्हणून तुम्ही पॉलिश पेपर घालताय. "आम्ही फडक्यातनं गाळून घेतो" म्हणणारे बरेच हायत, अण्णा, फडक्यात माशी अडकते, तो कीस नाही अडकत.

आणि उडालेलं जातंय कुठं? तुमच्या हातावर, चेहऱ्यावर, श्वासात आणि रानात. वापरलेलं इंजिन ऑईल कातडीला सारखं लागत राहिलं तर कॅन्सरचा धोका असतो, हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये पण लिहिलेलं सापडेल, वाचतंय कोण ते सोडा. केंद्राच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं ऑईल धोकादायक कचऱ्यात धरलंय. आता हिशोब करा, आपल्याकडं जास्त चालणारी 58 सीसीची मशीन घेतली तर ऑईलची टाकी साधारण पाव लिटरची, दिवसाला चार टाक्या गेल्या तर एक लिटर काळं ऑईल तुमच्याच बांधावर किंवा विहिरीच्या कडेला पडलं. बार ऑईल नसेल आणि काम अडलं असेल तर नवीन, सीलबंद 20डब्ल्यू-40 इंजिन ऑईल घाला, ऑईल कमी-जास्त करायचा पंपाचा स्क्रू जरा जास्तीवर ठेवा, एखादा दिवस निभावतंय. जळकं मात्र नको.

आता थंडीत डिझेल. हा सल्ला आलाय कुठनं तर बर्फाच्या देशांतल्या व्हिडिओंतनं. तिथं उणे पंधरा-वीसला ऑईल इतकं घट्ट होतंय की पंपाला ओढत नाही, बऱ्याच मशीनला पंप फिरवणारा गिअर प्लास्टिकचा असतो, त्याचे दात पण जातात. म्हणून तिथली माणसं पातळ विंटर ग्रेड घेतात, नाहीतर ऑईल पातळ करतात, आणि साधारण शून्य डिग्रीच्या खालीवर हा बदल करायचा असतो. आता बेळगावात शून्य कधी बघितलाय का तुम्ही? डिसेंबर-जानेवारीत पहाटे 12-14, एखाद्या वेळी 10 च्या खाली, आणि रानात मशीन चालू होईपर्यंत नऊ-दहा वाजलेले असतात, ऊन आलेलं असतंय. ऑईल थंडीनं घट्ट होतंय हे खोटं नव्हं, 10 डिग्रीला ते मे महिन्यातल्या दुपारपेक्षा पाच-सहा पट घट्ट असू शकतंय, पण नीट असलेला पंप तेवढं ओढतो. लईच सकाळी काम असेल तर डबा थोडा वेळ उन्हात ठेवा आणि पहिला कट मारायच्या आधी चेन जरा मोकळी फिरवा, झालं. निम्मं डिझेल घातलं की तार तुटली, ऑईलचा थर गेला, आणि गरम पट्टी नि सायलेन्सरच्या शेजारी तुम्ही डिझेल उडवायला लागलात.

140 गिअर ऑईलचं लॉजिक मेसेजमध्ये असं दिलंय की इंजिन ऑईल 30-40, गिअर ऑईल 90-140, म्हणजे तिप्पट घट्ट. तसं नसतंय. दोन्हीच्या आकड्यांची मोजपट्टी वेगळी हाय, 90 नंबरचं गिअर ऑईल साधारण 40-50 नंबरच्या इंजिन ऑईलएवढंच घट्ट. 140 मात्र खरोखरच घट्ट, छोट्या पंपाला ते जड जातंय, मग पट्टी कोरडी पळते आणि कडा निळ्या पडतात, आणि माणूस म्हणतो उन्हाळाच लई हाय, अजून घट्ट घाला! आपल्याकडच्या 37-38 डिग्रीला डब्यावर व्हीजी (घट्टपणाचा नंबर) 100 किंवा 150 लिहिलेलं बार ऑईल पुरतंय आणि 100 वालं वर्षभर चालतंय, कंकुंबी-जांबोटीकडं पावसात पडलेली झाडं काढायला पण तेच. बेळगावच्या उद्यमबागेत सहज मिळणारं 68 चं हायड्रोलिक ऑईल स्वच्छ असतंय पण पातळ, तारही नाही, उन्हाळ्यात टिकत नाही.

ऑईल जातंय का नाही हे बघायला पट्टीचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑईलची रेघ उठली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपताना ऑईल थोडं शिल्लक पाहिजे. निम्मं शिल्लक असेल तर ऑईल घट्ट हाय नाहीतर भोक बुजलंय, ओला भुसा बसून ते लई वेळा बुजतंय. पेट्रोलच्या आधीच संपलं तर ऑईल पातळ हाय, स्क्रू जास्त उघडलाय नाहीतर गळती हाय. आणि भुसा पिठासारखा पडत असेल, विशेषतः बाभळीत, तर कुठलंच ऑईल घालून उपयोग नाही, चेनला धार लावा.

खायच्या तेलाबद्दल थोडी सहानुभूती हाय मला, युरोपात मोहरीच्या जातीच्या तेलापासनं केलेलं बार ऑईल खरंच वापरतात. पण त्यात वेगळी रसायनं घातलेली असतात. सूर्यफुलाचं घरचं तेल घालून मशीन महिनाभर कोपऱ्यात ठेवलं की ते डिंकासारखं आळतं, पंप आणि चेन दोन्ही जाम. खोबरेल तर आपल्याकडं डिसेंबरात बाटलीतच गोठतंय, पंपात काय करेल ते बघा.

राहिलं टू-टी. ते इंजिनच्या आतल्या बेअरिंगसाठी आणि पिस्टनसाठी असतंय आणि सायलेन्सरमधनं धूर होऊन जातंय, पट्टीकडं त्याचा रस्ताच नाही. करंटवर चालणाऱ्या कटरला ना पेट्रोल ना टू-टी, तरी त्याला पण ऑईलची टाकी असतेच की.