शीट फिल्मवरचे डाग आणि पुण्याचं पाणी: एका फॉरवर्डला उत्तर

घरी ब्लॅक अँड व्हाइट शीट फिल्म (मोठ्या कॅमेऱ्यात एकेक सुटी घालायची फिल्म) धुणाऱ्यांच्या, म्हणजे केमिकल्समधून काढून तिची निगेटिव्ह बनवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पुण्याच्या पाण्यात क्षार फार, म्हणून निगेटिव्हवर डाग, पट्टे, टिपके येतात, तेव्हा सगळी केमिकल्स डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवा. तरीही पट्टे आले तर टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा बंद डबा, अजून जोरात हलवा. मार्च ते जून फिल्म धुऊच नका, कारण पाणी 20 अंशांवर येत नाही. गुलाबी झाक राहिलेली निगेटिव्ह कच्ची, म्हणजे नीट पक्की न झालेली, समजून टाकून द्या. आणि उघड्या ट्रेमध्ये धुतलं तर ओरखडे येणारच, महागडा टँक घेता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

हा मेसेज वाचून नव्या मुलांनी चार बाय पाच इंची शीट कॅमेऱ्यात धरणारे होल्डर विकायला काढलेले मी पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितोय. यातला एकही सल्ला निगेटिव्ह हातात घेऊन बघा असं सांगत नाही. प्रत्येक दोषाला स्वतःचा आकार असतो, आणि तो बघितल्याशिवाय कारण ठरवणं चूक आहे.

आधी पाण्याचं. महापालिकेच्या नळाला येतं ते खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी. उपनगरातल्या कित्येक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. या दोन्हींना ‘पुण्याचं पाणी’ म्हणून एकच शिक्का मारता येत नाही. तुमच्या गिझरच्या कॉइलवर किंवा किटलीच्या तळाशी पांढरा थर जमत असेल तर तुमच्या पाण्यात क्षार आहेत, एवढं नक्की. पण त्याने डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, बिघडत नाही. पाकिटातून येणाऱ्या बहुतेक डेव्हलपरमध्ये पाण्यातला चुना धरून ठेवणारं द्रव्य कंपनीने आधीच घातलेलं असतं.

क्षाराचं पाणी नडतं ते अगदी शेवटी, वाळताना. थेंब जागेवर सुकतो आणि क्षार मागे राहतात. ओळखायचं कसं? वाळलेली निगेटिव्ह खिडकीपाशी न्या आणि चकचकीत, म्हणजे बेसची (नुसत्या प्लास्टिकची) बाजू तिरक्या उजेडात धरा. पांढुरकं कडं दिसलं तर तो पाण्याचा डाग. निगेटिव्ह पुन्हा भिजवून, वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता निथळवणारं द्रव्य) घातलेल्या डिस्टिल्ड पाण्यातून काढून टांगली की बहुतेक वेळा तो जातो. इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराच्या बाजूला थेंब सुकला असेल तर मात्र खूण बऱ्याचदा कायमची राहते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर लागतं ते शेवटच्या एका बाथला. वेटिंग एजंट फोटो-फ्लो असेल तर 1 भागाला 200 भाग पाणी, त्याहून जास्त घातलं तर त्याचाच चिकट थर राहतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही गॅरेजजवळ मिळतं, एक कॅन बरेच दिवस पुरतो. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर ते कापडातून, कापसातून गाळून घ्या, नाहीतर मातीचे कण ओल्या इमल्शनला चिकटून बसतात. क्षारांशी त्याचा संबंध नाही.

टिपक्यांचंही तसंच. निगेटिव्हवर गोल, नेटक्या कडेचा फिकट टिपका म्हणजे हवेचा बुडबुडा: तिथे डेव्हलपर पोचलाच नाही. फिल्म आधी मिनिटभर साध्या पाण्यात भिजवा आणि डेव्हलपर ओतल्यावर टँक ओट्यावर हलकेच आपटा. टिपका वेडावाकडा, धाग्यासारखा आणि अगदी पारदर्शक असेल तर फोटो काढताना होल्डरमध्ये धूळ होती. प्रिंटवर तो काळा उठतो. शहरात जागोजागी खोदकाम चालूच असतं. होल्डर ब्रशने साफ करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले नाहीत तर दुसरं काय होणार? डिस्टिल्ड वॉटरचे ड्रम आणले तरी ही धूळ जायची नाही.

काळपट झाक किंवा काळा पट्टा असेल तर किनार बघा. होल्डरच्या खोबणीत फिल्मच्या कडा झाकलेल्या असतात, त्यामुळे धुतल्यावर ती बारीक किनार स्वच्छ दिसायला हवी. किनारीसकट काळं पडलं असेल तर फिल्म होल्डरबाहेर असताना उजेड लागला: खोलीत, चेंजिंग बॅगमध्ये (फिल्म भरायच्या अंधाऱ्या पिशवीत) किंवा टँकच्या झाकणातून. किनार स्वच्छ आणि पट्टा फक्त आत असेल तर डार्क स्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) फट आणि बेलोज (कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता) तपासा. अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च लावला की भोक लगेच दिसतं.

आता टँक जोरात हलवण्याचा मुद्दा. मला हा सल्ला सर्वांत घातक वाटतो. सदाशिव पेठेतला एक मुलगा पर्वतीची निगेटिव्ह घेऊन आला होता. देवळामागचं आकाश मधे एकसारखं, पण दोन्ही लांब बाजूंना बोट-दोन बोटं रुंदीचा जास्त काळा पट्टा. प्रिंटवर तेवढ्या जागी आकाश फटफटीत.

“काका, अजून जोरात हलवू का?”

“जोरात हलवतोयस म्हणूनच झालंय हे. हात आवर.”

टँक झपाझप उलटा केला की फिल्म धरणाऱ्या खाचांमधून डेव्हलपर उसळून कडांवरून धावतो. तिथे ताजा डेव्हलपर जास्त मिळतो आणि कडा जास्त काळ्या होतात. हँगरवर (शीट धरून द्रावणात बुडवायच्या चौकटीवर) धुणाऱ्यांना हा दोष चांगला ठाऊक आहे. इल्फर्ड या फिल्म कंपनीची साधी पद्धत पुरते: पहिल्या 10 सेकंदांत चारदा उलटा करायचा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला 10 सेकंदांत चारदा. सावकाश, दर वेळी टँक थोडा फिरवून. टँकमध्ये द्रावण खुणेपर्यंत हवं, कमी पडलं तर फिल्मची एक कड फिकट राहते.

कमी हलवल्याने येणारा पट्टा वेगळा दिसतो. निगेटिव्हवरच्या गडद भागापासून, समजा उजळ भिंतीपासून, खाली ओघळल्यासारखी फिकट रेघ जाते. डेव्हलप होताना सुटलेलं ब्रोमाइड खाली सरकतं आणि वाटेतलं डेव्हलपिंग मंदावतं. तिथे हालचाल वाढवायची. म्हणजे दोन पट्ट्यांना दोन उलटे उपाय आहेत, आणि मेसेज दोन्हींना एकच औषध देतो.

उन्हाळ्याबद्दलचा दावा मात्र हिशेब न केल्यामुळे आलाय. 20 अंश ही सोयीची खूण आहे, अट नव्हे. तापमान वाढलं की वेळ कमी करायची. इल्फर्ड स्वतःच उदाहरण देतं: 20 अंशांना 4 मिनिटं लागत असतील तर 23 अंशांना 3. त्यांच्या एचपी 5 प्लस फिल्मला आयडी-11 डेव्हलपर एकास एक पाण्यात 20 अंशांवर 13 मिनिटं लागतात, 24 अंशांवर ती साधारण 9 होतात. तोच डेव्हलपर पाणी न घालता वापरलात तर साडेसात मिनिटांची वेळ 5 मिनिटांच्या आसपास येते, आणि त्याखाली गेलं की फिल्म एकसारखी डेव्हलप होईल याचा भरवसा उरत नाही. म्हणून उन्हाळ्यात पातळ डेव्हलपर. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी छान गार होतं. त्याचं घमेलं भरून बाटल्या त्यात उभ्या करा, लागलं तर पिशवीत बांधलेला बर्फ सोडा. पावसाळ्यात माठ फारसा गार करत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीही तेवढं गरम नसतं.

उन्हाळ्यात खरा धोका शेवटी फिल्म साध्या पाण्याने धुताना असतो, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. डेव्हलपर काळजीने 22 अंशांवर आणायचा आणि शेवटी फिल्म दुपारी चारला गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याखाली धरायची, हे मी वारंवार पाहतो. जिलेटिन फुगून मऊ होतं आणि नुसत्या बोटानेही खरवडतं. आदल्या रात्री दोन बादल्या भरून आत ठेवा. टँकमध्ये धूत असाल तर पाणी भरून 5 वेळा उलटा करून ओता, पुन्हा भरून 10 वेळा, मग 20 वेळा. इल्फर्डची ही रीत हार्डनर (जिलेटिन कडक करणारं द्रव्य) नसलेल्या फिक्सरसाठी, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणासाठी आहे, आणि पाणीकपातीच्या दिवसांत ती वरदान आहे.

गुलाबी झाकेवर फार लिहायला नको. तो फिल्ममधल्या रंगद्रव्याचा उरलेला अंश. कोडॅकच्या टी-मॅक्स फिल्मवर सर्रास दिसतो, ताज्या फिक्सरने आणि जास्त धुण्याने जातो, थोडा राहिला तरी बिघडत नाही. कच्ची राहिलेली निगेटिव्ह दुधाळ दिसते, आणि तीही टाकायची नसते, पुन्हा फिक्सरमध्ये घालायची असते. किती वेळ फिक्स करायचं ते कळायला फिल्मचा तुकडा फिक्सरमध्ये टाका, पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. टी-मॅक्सला तिप्पट द्या.

राहिले ओरखडे. बोहरी आळीतल्या साध्या, सपाट बुडाच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये स्वच्छ निगेटिव्ह निघतात. ओरखडा काढतो तो वरच्या शीटचा कोपरा, खालच्या शीटच्या इमल्शनवर. फिल्म उभी धरून तिच्या कडेला कापलेली खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे असतं, हे अंधारात बोटांनी ठरवा. इमल्शन खाली ठेवा. शीट एकेक करून पाण्यात सोडा, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. मग तळातली शीट अलगद ओढून वर आणा, आडवी, सपाट, आणि तळव्याने दाबा, बोटांच्या टोकांनी नाही. सुरुवातीला चारच शीट घ्या. वाया गेलेल्या चार शीट घेऊन आधी दिवसाउजेडी पाण्यात सराव करा, मग तोच डोळे मिटून. नखं कापलेली हवीत.