ड्रॅगनचं शेपूट आणि आपली घोरपड

उन्हाळ्यात आई इथे आली होती. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्न शहरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिलाटसचा डोंगर दिसतो. रोज सकाळी चहा घेताना ती विचारायची, "आज टोपी आहे का गं त्याच्या डोक्यावर?" इथली जुनी माणसं सांगतात, पिलाटसने ढगाची टोपी घातली की हवा चांगली राहते, ढग गळपट्ट्यासारखा गळ्याशी आला तरी निघायला हरकत नाही, पण तलवारीसारखा आडवा लटकला तर पाऊस ठरलेला. टोपीचा एक दिवस गाठून आम्ही वर गेलो.

वर जाणारी दातेरी रेल्वे १८८९ मध्ये सुरू झाली. जगातली सगळ्यात तीव्र चढाची दातेरी रेल्वे अशी तिची ख्याती आहे. चढ ४८ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० मीटर पुढे सरकताना गाडी ४८ मीटर वर चढते. एवढ्या चढावर नेहमीचं उभं दातेरी चाक रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून उचललं जाण्याचा धोका होता. म्हणून एडुआर्ड लोखर या इंजिनियरने पट्टीला दोन्ही कडांना दाते काढले आणि आडव्या चाकांनी तिला दोन बाजूंनी चिमटीत पकडलं. रेल्वेपाठोपाठ १८९० मध्ये शिखराजवळ 'पिलाटस कुल्म' हे हॉटेल उभं राहिलं. जाड दगडी भिंती, उंच खिडक्या, जुना भव्य जेवणाचा दिवाणखाना. २०१० मध्ये त्याची डागडुजी करून त्याला पुन्हा जुनं रूप दिलं. गाडीवर, पाट्यांवर, जिकडेतिकडे एक लाल ड्रॅगन आहे. आईने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं आणि वाढायला आलेल्या मुलीने त्याची गोष्ट सांगितली.

लाकडी पिंपं बनवणारा एक तरुण पानगळीच्या दिवसांत या डोंगरावर लाकूड शोधत फिरत होता. पाय घसरून तो एका खोल गुहेत पडला, तो थेट दोन ड्रॅगनांच्या मध्ये. त्यांनी त्याला काही केलं नाही. हिवाळाभर तो गुहेच्या भिंतीतून झिरपणारा ओलावा चाटून जगला. वसंतात एक ड्रॅगन उडून गेला. दुसरा निघाला तेव्हा त्याने शेपूट खाली सोडलं, आणि ते धरून तो तरुण बाहेर आला.

मी मराठीत सांगत होते, आई ऐकत होती. शेपटापाशी आल्यावर ती म्हणाली, "अगं, ही तर आपली घोरपड!"

मग उलट दिशेने भाषांतर सुरू झालं. कोंढाण्याचा कडा, घोरपडीला बांधलेला दोर, तिला धरून वर चढलेले मावळे, तानाजी मालुसरे, १६७० चा फेब्रुवारी. त्या मुलीने अगदी मनापासून विचारलं, "हे खरंच घडलं होतं?" आईसमोर काय उत्तर द्यावं या विचाराने मी थबकले. आईला प्रश्न सांगितला, तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "तानाजी खरा. गड खरा. घोरपड शाहिराची."

आई जे इतक्या सहज बोलली, ते आपल्याकडे चारचौघांत बोलायला माणसं कचरतात. माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर एकाने घोरपडीबद्दल असंच लिहिलं, तर त्याला दोन दिवस इतकं सुनावलं की तो ग्रुप सोडून गेला. मला ते फार लागलं. पावसात दोर धरून आम्हाला कडे उतरायला शिकवलं होतं ते त्यानेच.

याच ग्रुपवर सप्टेंबर २०१९ मध्येही वणवा पेटला होता. राज्यातले २५ किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी खासगी कंपन्यांना दीर्घ भाडेपट्ट्याने देणार, अशी ती बातमी. महाराष्ट्रभर संताप उसळला. शिवाजी महाराजांशी संबंधित आणि संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, हा विचार फक्त उरलेल्या, दुसऱ्या वर्गातल्या किल्ल्यांचा आहे, असा खुलासा सरकारने केला. तेव्हा "परदेशात बघा, डोंगरावर कशी हॉटेलं चालवतात" असं लिहिणाऱ्यांनी मला साक्षीला बोलावलं होतं. तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते.

पिलाटसचा दाखला रायगडाला लागू पडत नाही. या शिखरावर कुणी राज्य उभारलं नाही, कुणाची समाधी इथे नाही. इथे होती ती भीती. येशूला शिक्षा देणारा पिलात मेल्यावर त्याचं प्रेत कुठल्याच नदीने ठेवून घेतलं नाही, शेवटी ते या डोंगरावरच्या एका लहान तळ्यात आणून टाकलं, असं लोक मानत. तळ्यात दगड पडला की पिलात खवळतो, वादळ येतं, खालचं गाव बुडतं. (नावाची दुसरी व्युत्पत्तीही आहे: लॅटिनमधला 'टोपीवाला'. आईला हीच पटली.) ही भीती ल्युसर्नच्या नगरसभेने इतकी मनावर घेतली होती की डोंगर चढायलाच बंदी होती. १३८७ मध्ये सहा धर्मगुरूंना वर जाण्याच्या प्रयत्नाबद्दल तुरुंगात टाकलं. १५५५ मध्ये कॉनराड गेसनर हा निसर्गअभ्यासक वर गेला तोही रीतसर परवानगी काढून.

मग १५८५ मध्ये ल्युसर्नचा पाद्री योहान म्युलर लोकांना बरोबर घेऊन तळ्याकाठी गेला. त्याने पाण्यात दगड फेकले, पिलाताला हाका मारल्या. काहीही झालं नाही. १५९४ मध्ये तळ्याचा काठ फोडून पाणीच सोडून दिलं.

मला या सगळ्यात तो पाद्री सर्वांत जवळचा वाटतो. तो श्रद्धावान होता, गावाचाच होता, आणि त्याने लोकांना घरी बसवून खोटं पाडलं नाही, बरोबर नेलं. ते दगडी 'पिलाटस कुल्म' हॉटेल आलं त्यानंतर जवळजवळ ३०० वर्षांनी. तोवर गोष्ट कुणाला धाक घालत नव्हती आणि कुणाला तिची लाजही वाटत नव्हती. १४२१ च्या उन्हाळ्यात ड्रॅगन शेजारी उतरला म्हणून बेशुद्ध पडलेल्या श्टेम्पफ्लिन नावाच्या शेतकऱ्याला सापडलेला म्हणतात तो 'ड्रॅगनचा दगड' आज शहराच्या निसर्गसंग्रहालयात आहे. त्या दगडात रोग बरे करायची शक्ती आहे, असं १५०९ मध्ये अधिकृतपणे मान्यही केलं गेलं होतं. या लोकांनी दंतकथा ठेवली, तिचा कागदही ठेवला. एकाने दुसऱ्याचा जीव घेतला नाही.

आपण उलट्या टोकाने निघालो आहोत. आधी हॉटेलाचा भाडेपट्टा, नंतर वाद, आणि त्या वादात गोष्ट कोणती नि इतिहास कोणता हे विचारणाऱ्याला गप्प करायचं. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा यादीत आला. १२ किल्ले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. बातमी वाचून मी ऑफिसात एकटीच रडले. पण आता बाहेरची माणसं येणार, त्यांना राहायला जागा लागणार, आणि २०१९ चा प्रश्न नव्या नावाने परत येणार हे उघड आहे.

माझं मत सांगते. तटाच्या आत हॉटेल नको, कुठल्याच वर्गातल्या किल्ल्यावर नको. ज्या पडक्या गढीचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही, तिच्या चौथऱ्याखाली अजून काय आहे हे कुणी खणून पाहिलेलं नाही, तिथे स्विमिंग पूल खणू नका. राहायची सोय पायथ्याच्या गावांत, गावकऱ्यांच्या घरांत व्हावी, आणि पैसा तिथेच राहावा. पिलाटसकडून घ्यायचंच असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ती अवघड रेल्वे बांधणारे मजूर बरेचसे इटालियन होते. ड्रॅगनची गोष्ट मी इथे पन्नासदा ऐकली, त्यांची एकदाही कुणी आपणहून सांगितली नाही. डोंगराची गोष्ट मोठी कंपनी सांगू लागली की अशी माणसं गळतात. आपल्याकडे डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन गड चढणारी बाई तशीच गळू नये.

रायगडाचा रोपवे निघतो तो हिरकणीवाडीतून. कोजागरीला गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव त्या गावाला आहे. ती प्रत्यक्ष होती का, यावर वाद होत राहो, पण आपापल्या पुराव्यानिशी, कुणालाही ग्रुप सोडून जायला न लावता. आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, तर ती रोपवेनेच जाणार, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

डिसेंबरात आम्ही पाचाडला दोन रात्री राहणार आहोत, हॉटेलात नाही, एका घरात. त्या जुन्या मित्रालाही बोलावलं आहे. आईने एकच अट घातली आहे: रात्री जेवणं झाली की घरातल्या बाईकडून हिरकणीची गोष्ट ऐकायची, आणि मग तिला त्या पिंपवाल्याची सांगायची.